परमुलखातील माहेर : अमेरिकेतील नॉर्वेजियन समाजाच्या विश्रामस्थानांची कथा

इ. स. १८९३ हे वर्ष जैन समाजाच्या अर्वाचीन इतिहासात चिरस्मरणीय ठरले आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेतील शिकागो नगरीत सर्वधर्मपरिषद भरली. परिषदेचे निमंत्रण पूज्य आचार्य विजयानंदसूरीश्वरजी उपाख्य आत्मारामजी महाराज यांना आले होते. परंतु मुनिधर्माच्या मर्यादेमुळे समुद्रपर्यटन त्यांना शक्य नव्हते. तेव्हा मुंबईच्या जैन असोसिएशन ऑफ इंडियाचे चिटणीस श्री. वीरचंद राघवजी गांधी यांना त्यांनी आपले प्रतिनिधी म्हणून पाठविले. वीरचंदभाई त्या वेळी अवघे एकोणतीस वर्षांचे होते. ही हकीकत आपल्या वाचकांच्या परिचयाची आहे.

ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने ही परिषद भरली, त्या प्रदर्शनाच्या मैदानावर, म्हणजे परिषदेच्या सभागृहापासून काही मैल दक्षिणेला, एक छोटीशी लाकडी वास्तू उभी होती. ती नॉर्वे देशाची. तिच्या त्रिकोणी छपराच्या टोकांवर आ वासलेली व्यालमुखे कोरलेली होती. भव्य महालांच्या त्या नगरीत तिच्याकडे फारशा कुणाची नजर गेली नसेल. पण प्रदर्शनातील ते पांढरेशुभ्र महाल बहुतांशी गिलाव्याचे, केवळ काही महिन्यांपुरते उभारलेले होते. पुढच्याच वर्षी त्यांतील पुष्कळसे आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. ही लाकडी वास्तू मात्र टिकली. तिचा पुढील सव्वाशे वर्षांचा प्रवास म्हणजे एका स्थलांतरित समाजाने परमुलखात आपले माहेर कसे उभे केले, कसे जपले आणि काही ठिकाणी कसे गमावले, याची कथा आहे. एका सार्वजनिक न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत ती सांगणे अप्रस्तुत होणार नाही.

प्रथम हा समाज अमेरिकेत कसा पोहोचला, ते पाहू. नॉर्वे हा डोंगर, दऱ्या आणि समुद्राच्या अरुंद खाड्यांचा देश. लागवडीयोग्य जमीन एकूण भूमीच्या शेकडा तीनच्या आसपास. कुळाची शेती थोरल्या अपत्याकडे जाण्याची रूढी असल्याने धाकट्यांच्या वाट्याला मजुरी नाही तर दर्यावर्दीपण येई. ४ जुलै १८२५ रोजी 'रेस्टॉरेशन' नावाचे एक लहानसे गलबत स्टाव्हांगर बंदरातून बावन्न माणसांना घेऊन निघाले आणि ९ ऑक्टोबर रोजी न्यूयॉर्कला पोहोचले. वाटेत एका बालिकेचा जन्म झाल्याने उतरताना ती संख्या त्रेपन्न झाली होती! पुढे १८३४ साली इलिनॉय प्रांतातील फॉक्स नदीच्या काठी त्यांची मध्य-पश्चिमेतील पहिली कायमची वसाहत झाली. शतकभरात सुमारे आठ लक्ष नॉर्वेजियन अमेरिकेस गेले. १८६५ च्या सुमारास ज्या देशाची एकूण लोकसंख्या सतरा लक्ष होती, त्या देशाच्या दृष्टीने ही संख्या किती मोठी, हे निराळे सांगावयास नको. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहता युरोपात याहून अधिक माणसे केवळ आयर्लंडने गमावली.

परक्या देशात माणूस प्रथम आधार शोधतो. १६ जानेवारी १८९५ रोजी मिनियापोलिस शहरात अठरा नॉर्वेजियन गृहस्थांनी एकत्र येऊन 'सन्स ऑफ नॉर्वे' ही संस्था स्थापिली. तिचा आरंभीचा हेतू अगदी व्यावहारिक होता : आजारपणात व मृत्यूच्या प्रसंगी सभासदाच्या कुटुंबाला आर्थिक मदत मिळावी. आपल्याकडील साधर्मिक साहाय्य निधीसारखाच हा प्रकार होय. भाषा, गाणी, सण हे सारे पाठोपाठ आले. पोट आणि प्रपंच यांची सोय लागल्यावर संस्कृतीची आठवण होते, हा क्रम सर्व समाजांत सारखाच दिसतो.

शहरातले सभागृह मिळाल्यावरही या मंडळींच्या मनात एक उणीव राहिली. ती समजण्यासाठी नॉर्वेची एक रीत ध्यानी घ्यावयास हवी. तेथील शेतकरी उन्हाळ्यात गुरे घेऊन उंच डोंगरावरील कुरणात जात आणि तेथील लाकडी झोपड्यांत महिनोन् महिने राहून लोणी व चीज तयार करीत. पुढे शहरी नॉर्वेजियनानेही हाच शिरस्ता विश्रांतीसाठी उचलला. १८६८ साली तेथे पर्यटन मंडळ स्थापन झाले आणि त्याने डोंगरोडोंगरी वाटसरूंसाठी निवारे बांधले. रानातील साधीसुधी लाकडी कुटी, जिला ते 'ह्युट्टे' म्हणतात, ही त्या समाजाची जणू दुसरी वास्तू झाली. या कुटीचे वैशिष्ट्य ऐश्वर्यात नसून अल्प गरजांत असते. विहिरीचे पाणी, लाकूडफाटा, मोजके सामान. आपल्या अपरिग्रहाच्या कल्पनेशी ही वृत्ती जवळचे नाते सांगते, असे मला वाटते. प्रख्यात नॉर्वेजियन तत्त्वज्ञ आर्ने नेस (१९१२–२००९) यांनी हालिंगस्कार्व्हेत पर्वताच्या कुशीत १९३७-३८ साली अशीच एक कुटी बांधली आणि पुढे निसर्गातील सर्व जीवांना जगण्याचा समान हक्क मानणारे आपले तत्त्वज्ञान मांडले. नेस हे महात्मा गांधींचे गाढे अभ्यासक होते. गांधीजींच्या अहिंसाविचारावर श्रीमद् राजचंद्र यांचा किती प्रभाव होता, हे जैन वाचकांस ठाऊकच आहे. विचारांचे प्रवाह कोठून निघून कोठे पोहोचतात, याचे नवल वाटते.

दुसरी रीत 'डुगनाड'ची. गावातील सर्वांनी मिळून एखाद्याचे घर शाकारावे, रस्ता दुरुस्त करावा, मोबदला घेऊ नये आणि शेवटी एकत्र जेवावे, अशी ही प्रथा. आपल्या खेड्यांतील इर्जिक किंवा सावड ज्यांनी पाहिली आहे, त्यांस ती तात्काळ ओळखू येईल. २००४ साली नॉर्वेतील एका लोकमतचाचणीत हा शब्द 'राष्ट्रीय शब्द' म्हणून निवडला गेला. पुढील कथेत तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

आता आपण विस्कॉन्सिन प्रांतात जाऊ. मॅडिसन शहराच्या पश्चिमेस माउंट होरेब व ब्लू माउंड्स ही गावे आहेत. १८५६ साली नॉर्वेच्या टेलेमार्क भागातून आलेले ओस्टेन ओल्सन हाउगेन हे शेतकरी येथील एका चिंचोळ्या दरीत स्थायिक झाले. ओंडक्यांवर ओंडके रचून त्यांनी घर, गोठे, कोठारे बांधली. उताराची जागा अशी निवडली की हिवाळ्यात ऊन मिळावे आणि वारा अडावा. दरीत गोड्या पाण्याचा झरा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी हे शेत ओस पडू लागले.

१९२७ च्या सुमारास शिकागोतील एक व्यावसायिक आयझॅक डाहले यांनी ही दरी विकत घेतली. डाहले मूळचे माउंट होरेबचेच. त्यांचे आजोबा टेलेमार्कमधील निसेडाल येथून अमेरिकेत आलेले. कुटुंबाला उन्हाळ्यात एकत्र जमता यावे आणि पूर्वजांचे स्मरण राहावे, या दुहेरी हेतूने डाहले यांनी हाउगेनची पडकी घरे दुरुस्त करवली, नव्या झोपड्यांची भर घातली, जुनी कोरीव कपाटे, नक्षीदार पेट्या, घोड्यांची खोगिरे, चरखे, लाकडी भांडी अशा वस्तू जमविल्या. या स्थानाचे नाव त्यांनी 'निसेडाहले' ठेवले. त्यात आजोबांचे गाव आणि घराण्याचे आडनाव दोन्ही आले. शिवाय 'निस्से' म्हणजे नॉर्वेच्या लोककथांतील घरराखणारा बुटका, तेव्हा 'बुटक्यांची दरी' असाही अर्थ निघाला. लोकांनी मात्र त्याला 'लिटल नॉर्वे', म्हणजे छोटे नॉर्वे, असेच म्हटले.

येथेच आपल्या त्या १८९३ च्या वास्तूचा प्रवेश होतो. नॉर्वेतील ऑर्कांगर येथील थाम्स कंपनीच्या कारखान्यात ती तयार झाली होती. तेथे घरे सुट्या भागांत बनवून, भागांवर खुणा करून परदेशी पाठविण्याचा उद्योग भरभराटीस आला होता. वास्तूची घडण नॉर्वेच्या मध्ययुगीन खांबी चर्चांसारखी होती. एके काळी अशी चर्चे त्या देशात शेकड्यांनी होती; आज अठ्ठावीस उरली आहेत. स्वीडनशी राजकीय संघ असतानाही नॉर्वेने प्रदर्शनात आपली स्वतंत्र वास्तू उभारली, यात त्या छोट्या राष्ट्राचा स्वाभिमान दिसतो. प्रदर्शन संपल्यावर ती विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा येथील एका धनिकाच्या उद्यानात गेली. पुढे ते उद्यान च्युइंगगमच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या रिग्ली कुटुंबाकडे आले आणि राष्ट्राच्या अस्मितेचे ते प्रतीक काही काळ खाजगी चित्रपटगृह म्हणून वापरले गेले! १९३५ साली डाहले यांनी ती मिळविली व आपल्या दरीत आणून उभी केली.

१९३७ साली निसेडाहले सर्वांसाठी खुले झाले. योगायोग असा की त्याच वर्षी इतिहासकार मार्कस ली हॅन्सन यांनी इलिनॉयमधील एका व्याख्यानात स्थलांतरितांविषयी आपला सुप्रसिद्ध सिद्धांत मांडला. स्थलांतरिताचा मुलगा जे विसरू पाहतो, तेच नातू आठवू पाहतो, असा त्याचा आशय. हॅन्सन यांची आई नॉर्वेजियन, वडील डॅनिश. आणि डाहले हे तर अक्षरशः नातूच होते. पण मधल्या पिढीने विसरू पाहिले, त्याला कारणही तसेच होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत परभाषांविषयी संशय बळावला. मे १९१८ मध्ये आयोवा प्रांताच्या गव्हर्नराने शाळेत, सार्वजनिक स्थळी, आगगाडीत, टेलिफोनवर, इतकेच काय प्रार्थनामंदिरातही इंग्रजीखेरीज अन्य भाषा बोलू नये, असा फतवा काढला. जर्मनांवर रोख होता, पण नॉर्वेजियन आजीबाईही त्यात सापडल्या. चर्चमधील प्रवचने इंग्रजीत होऊ लागली. १९४६ साली त्यांच्या प्रमुख चर्च संघटनेने आपल्या नावातून 'नॉर्वेजियन' हा शब्दच गाळला. अशा काळात एखाद्या दरीत आजोबांच्या भाषेतील नाव मिरवणारी पाटी लागणे, ही क्षुल्लक गोष्ट नव्हती.

पुढे पंचाहत्तर वर्षे हे स्थान डाहले घराण्याच्या पुढील पिढ्यांनी चालविले. पारंपरिक वेष परिधान केलेल्या तरुण मुली पाहुण्यांना झोपड्यांतून फिरवीत. शाळांच्या सहली येत. कुणाची आजी एखादी नक्षीदार पेटी पाहून थबके, कारण तशीच पेटी घेऊन तिची आई बोटीतून उतरलेली असे. मे ते ऑक्टोबर एवढाच हंगाम. हिवाळ्यात दरी बर्फाखाली. लाकडाच्या घराला दर काही वर्षांनी डांबर, रंग, नवे छत लागते. ही सारी व्यवस्था तिकिटाच्या उत्पन्नावर आणि एका कुटुंबाच्या निष्ठेवर उभी होती. २०१२ चा हंगाम संपला आणि निसेडाहलेचे दरवाजे बंद झाले. ज्या वर्षी अमृतमहोत्सव साजरा व्हावयाचा, त्याच वर्षी टाळे लागले.

यात त्या कुटुंबाला दोष देणे अन्यायाचे होईल. पाऊण शतक त्यांनी पदरमोड करून समाजाचा ठेवा सांभाळला, हे उपकारच होत. परंतु समाजाने तो ठेवा आपला मानला, मालकीची जबाबदारी मात्र उचलली नाही. पाहुणे म्हणून लाखो आले. भार उचलावयास खांदे घराण्याबाहेरचे नव्हते. पाहुण्यांची वही आणि सभासदांची वही यांत मोठे अंतर असते. आपल्याकडेही कित्येक जुनी वाचनालये, धर्मशाळा व खाजगी घरमंदिरे याच कारणाने ओस पडलेली आपण पाहतो. संस्थापकाच्या नातवंडांनी शहर गाठले की किल्ली कुणाकडे, हा प्रश्न उभा राहतो.

वास्तूचे पुढे काय झाले? ऑर्कांगर परिसरातील मंडळींना, त्यांतही ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी ती घडविली होती त्यांच्या वंशजांना, ही बातमी पोहोचली. त्यांनी ती परत नेण्याचे ठरविले. मोहिमेला नाव दिले 'पुन्हा घरी' अशा अर्थाचे. २०१५ च्या शरद ऋतूत नॉर्वेहून सुतार मंडळी विस्कॉन्सिनच्या त्या दरीत उतरली. एकेक खांब, एकेक तुळई, एकेक व्यालमुख सोडवून, खुणा करून पेट्यांत भरले गेले. एकशे बावीस वर्षांपूर्वी जशी ती सुट्या भागांत समुद्र ओलांडून आली होती, तशीच परत गेली. या कामाचा बराचसा वाटा डुगनाडने, म्हणजे विनामोबदला श्रमाने, पार पडला. सप्टेंबर २०१७ मध्ये ती आपल्या जन्मगावी पुन्हा उभी राहिली.

नॉर्वेच्या दृष्टीने हा आनंदसोहळा होता. विस्कॉन्सिनमधील नॉर्वेजियन वंशजांची भावना संमिश्र असणार, हे समजू शकते. मुलगी माहेरी परतली खरी, पण सासरचे अंगण रिते झाले. वास्तू वाचली, याचे समाधान मलाही वाटते. तरीही तिचे खरे स्थान कोणते, या प्रश्नाचे उत्तर मला वाटते तितके सोपे नाही. ऑर्कांगरमध्ये ती जेमतेम काही महिने सुट्या भागांच्या रूपात होती. अमेरिकेतील नॉर्वेजियनांच्या चार पिढ्यांनी तिच्यावर जीव लावला होता.

याच समाजाच्या दुसऱ्या एका स्थानाची गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण तिचा शेवट निराळा आहे. किंबहुना तिला अद्याप शेवटच नाही. शिकागोच्या वायव्येस फॉक्स रिव्हर ग्रोव्ह नावाचे गाव आहे. ज्या फॉक्स नदीच्या काठी १८३४ साली पहिली वसाहत झाली, तीच ही नदी, फक्त बरीच वरच्या अंगाला. १९०५ साली, म्हणजे ज्या वर्षी नॉर्वे स्वीडनपासून विभक्त होऊन पूर्ण स्वतंत्र झाले त्याच वर्षी, शिकागोतील काही नॉर्वेजियन तरुणांनी 'नॉर्गे स्की क्लब' स्थापन केला. 'नॉर्गे' म्हणजे नॉर्वेचेच स्वभाषेतील नाव. संस्थापकांत कार्ल हॉवेल्सन हा होल्मेनकोलनच्या ख्यातनाम स्पर्धेत चमकलेला, व्यवसायाने गवंडी असलेला खेळाडू होता. पुढे सर्कशीत स्कीवरून उड्या मारून त्याने नाव कमावले आणि नंतर कोलोरॅडोच्या डोंगरात स्कीचा प्रसार केला. सपाट इलिनॉयमध्ये डोंगर कुठला? या मंडळींनी नदीकाठची एक टेकडी हेरली, तिच्यावर लाकडी मनोरा उभारला आणि त्यावरून घसरत येऊन हवेत झेप घेण्याचा आपला खेळ सुरू केला.

स्की हा टेलेमार्कचाच वारसा. आधुनिक स्कीचे जनक मानले जाणारे सोंद्रे नोरहाइम हे तेथलेच. तेही १८८४ साली अमेरिकेला गेले आणि तिकडेच १८९७ साली निवर्तले. आठवडाभर शिकागोत सुतारकाम, गवंडीकाम करणारे हे तरुण रविवारी आगगाडीने टेकडीवर येत. मनोरा बांधणे, उतारावर बर्फ दाबून बसविणे, पाहुण्यांसाठी कॉफी उकळणे, सारे स्वहस्ते. १९३७ साली तर शिकागोच्या विख्यात सोल्जर फील्ड क्रीडांगणातच उंच मनोरा उभारून उड्यांचे सामने झाले.

जमीन क्लबच्या मालकीची राहिली. एका घराण्याच्या नव्हे. सभासद बदलत गेले, तसा क्लबही बदलला. हळूहळू नॉर्वेजियन नसलेल्यांची मुले येऊ लागली आणि त्यांना येऊ दिले गेले. याबद्दल जुन्या मंडळींत कुरबुर झाली नसेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल; कोणत्याही समाजाच्या संस्थेत हा प्रश्न कधी ना कधी येतोच. पण दरवाजा उघडा राहिला. २०१८ साली दक्षिण कोरियात झालेल्या हिवाळी ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या स्की-उडी संघात चार पुरुष खेळाडू निवडले गेले. त्यांपैकी तिघे, केव्हिन बिकनर, मायकेल ग्लासडर आणि केसी लार्सन, या एका खेड्यातल्या क्लबमध्ये घडलेले होते. डोंगर नसलेल्या प्रांतातून तीन ऑलिंपिक खेळाडू!

भाषेच्या बाबतीत निराळा मार्ग काढला गेला. १८९१ साली नॉर्वेजियन लूथरपंथीयांनी मूरहेड येथे स्थापन केलेल्या कॉन्कॉर्डिया महाविद्यालयाने १९६१ पासून मुलांसाठी भाषाग्रामे सुरू केली. १९६३ पासून त्यांत नॉर्वेजियन आली. मिनेसोटातील बेमिजी गावाजवळ, सरोवराकाठच्या अरण्यात वसलेल्या त्या ग्रामाचे नाव 'स्कोगफ्योर्डेन'. मुले तेथे शिरताना नवे नॉर्वेजियन नाव घेतात, नॉर्वेचे चलन वापरतात आणि पंगतीत जेवताना आजोबांच्या भाषेत पोळी मागायला शिकतात. सन्स ऑफ नॉर्वेनेही निरनिराळ्या प्रांतांत मुलांची उन्हाळी शिबिरे चालविली. त्यांतील एकाचे नाव 'मासे मोरो', अर्थ 'खूप मज्जा'.

अमेरिकेतील आपल्या समाजाने हा मार्ग अगदीच अपरिचित ठेवलेला नाही. पूज्य आचार्य सुशीलकुमारजी महाराजांनी १९८३ साली न्यू जर्सी प्रांतातील ब्लेअर्सटाउनजवळ, शंभराहून अधिक एकरांच्या वनभूमीत सिद्धाचलम् स्थापिले. तेथे तीर्थ आहे, निवास आहे, मुलांची शिबिरे आहेत. त्या समाजाची दुसरी पिढी आता प्रौढ झाली आहे आणि तिसरी तेथे सुटीत येते. हॅन्सनच्या सिद्धांताची परीक्षा त्यांच्या घरांतही चालू आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

फॉक्स रिव्हर ग्रोव्हच्या टेकडीवर मात्र दर वर्षी जानेवारी महिन्यात सामने भरतात. हा जुना रिवाज. काही दिवस आधीपासून सभासद व पालक फावडी घेऊन उतारावर जमतात, बर्फ पुरेसे पडले नसेल तर ते यंत्राने तयार करून पसरवितात, आणि काम आटोपल्यावर क्लबच्या घरात एकत्र जेवतात.